काठातली वाट

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही प्लेनोहून गॅलपला निघालो, ते माझ्या मेहुणीला प्रेशर कुकर आणि गोडा मसाला पोचवायला. दिवसभराचा ड्राइव्ह. टेक्सस मागे पडलं की माती तांबडी होत जाते, आणि मग मैलोन्‌मैल फक्त आभाळ, वारा आणि वाऱ्याबरोबर लोळत जाणारी वाळकी झुडपं.

माझी मेहुणी प्रीता तिथे फिजिओथेरपिस्ट आहे. गॅलपच्या पुढे नवाहो या मूळ अमेरिकी लोकांचा मुलूख सुरू होतो. तिकडची अर्लीन त्सोसी नावाची एक वयस्क विणकर बाई खांदा दाखवायला तिच्याकडे आली, दोघींची गट्टी जमली, आणि प्रीता रविवारी तिच्या घरी जाऊन माग शिकायला लागली. प्रीताने स्वतः विणलेलं पहिलं जाजम भिंतीवर लावलं होतं. सुचित्रा, म्हणजे माझी बायको, त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"छान आहे गं," ती म्हणाली.

या बहिणी इचलकरंजीच्या. रांगोळी असो, भरतकाम असो, बक्षीस कायम थोरल्या सुचित्राचं. धाकटीने टाळ्या वाजवायच्या. त्या 'गं'मध्ये काय होतं ते मला नवरा म्हणून कळलं. प्रीताला कळलं नाही. ती भाबडी. तिला कधी कुणाचं काही हवंसं वाटल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"मलाही शिकव म्हणावं तुझ्या त्या बाईला," सुचित्रा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्लीनकडे गेलो. ट्रेलरचं घर आणि शेजारी त्यांचं परंपरेचं होगन. ओंडक्यांचं, आठ भिंतींचं, मातीने लिंपलेलं, दार पूर्वेला. आत उभा माग. रेडिओवर नवाहो भाषेत बास्केटबॉलची कॉमेंट्री चालू होती आणि अर्लीन मधूनच रेफरीला शिव्या घालत होती. प्रीताने "आजी" हाक मारली की ती "ओ" द्यायची. सुचित्राने तीच हाक मारली तेव्हा तिने रेडिओ बारीक करून विचारलं, "काय म्हणालीस?"

एवढंच. पण सुचित्राचा चेहरा पडला.

प्रीताच्या नव्या विणीवर बोट ठेवून सुचित्रा म्हणाली, "इथे काठ चुकलाय." आतल्या रंगाचा एकच फिकट धागा काळा काठ छेदून थेट कडेपर्यंत गेला होता.

"चूक नाही, ती वाट आहे," अर्लीन म्हणाली. "विणताना बाईचं मन आत जातं. काठ चारी बाजूंनी बंद केला तर ते तिथेच राहतं."

दारातून पलीकडच्या उतारावर आणखी एक होगन दिसत होतं. पडकं. उत्तरेची भिंत फोडलेली.

"ते कुणाचं?" सुचित्राने विचारलं.

अर्लीनने रेडिओ बंदच केला. "तिथे माझी थोरली बहीण वारली. ती भिंत फोडून तिला बाहेर काढलं. तिकडे जायचं नाही. तिथलं काही उचलायचं नाही." तिने पुन्हा रेडिओ लावला आणि तो विषय संपला.

निघायच्या दिवशी दुपारी आम्ही अर्लीनचा निरोप घ्यायला गेलो. मी गाडीत सामान नीट लावत होतो. सुचित्रा फोटो काढते म्हणून गेली आणि तांबड्या धुळीने माखलेले पाय घेऊन परत आली. घरी पोचल्यावर तिच्या बॅगेत मला एक फणी दिसली. विणीचे धागे ठोकून बसवतात ना, ती. काळपट लाकूड, झिजलेले दात, मुठीवर कुणाच्या तरी अंगठ्याने पडलेला खळगा.

"अर्लीनने दिली?"

"हो," सुचित्रा म्हणाली.

तिने ऑनलाइन माग मागवला, वरच्या खोलीत उभा केला. आणि काय सांगू, तिचा हात असा चालायला लागला की मी बघतच राहिलो. जे शिकायला प्रीताला दोन वर्षं लागली, ते हिला आठवड्यात जमलं. थक... थक... थक... दुपारभर फणीचा आवाज. प्रीताने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला की सुचित्रा तो मोठा करून धागा न्‌ धागा बघायची, आणि वरून आवाज आणखी जोरात यायचा. मग तिने प्रीताचे फोन घेणं बंद केलं. "मुद्दाम दाखवते ती मला," म्हणायची. घरात ओल्या लोकरीचा वास भरला, आणि त्यात धुराचा. आमच्याकडे इलेक्ट्रिक शेगडी आहे. धूर येणार कुठून?

काठ पुरा झाला तेव्हा मी विचारलं, "ती वाट नाही सोडलीस?"

"माझ्या कामात खोट कशाला ठेवू?" तिने वळूनही पाहिलं नाही. "लोक म्हणतील धाकटीचा काठ बरा."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून लवकर आलो. लख्ख ऊन होतं, शेजारी लॉन कापत होता. दार उघडलं आणि वरून तोच आवाज आला. थक... थक... मी बूट काढून किचनमध्ये गेलो, तर सुचित्रा टेबलाशी बसलेली. समोर गार झालेला चहा. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. बोटं मात्र हवेत हलत होती.

थक... थक...

"सुचित्रा... वर कोण आहे?"

तिचे ओठ हलले.

"मी."

मी वर गेलो नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच प्रीताला फोन लावला.

ती दुसऱ्या दिवशी विमानाने आली. सुचित्रा मागासमोर मांडी घालून बसली होती. त्या दिवसभरात तिने अन्नाला शिवलं नव्हतं, की मला ओळखही दिली नव्हती. प्रीता दारात थांबली. सुचित्राने मान वळवली आणि मंद हसून म्हणाली,

"शिदेझी..."

प्रीताने माझा दंड घट्ट धरला. "भावोजी, हा शब्द ताईला कुणी शिकवला?"

"म्हणजे काय?"

"धाकटी बहीण. माझी धाकटी बहीण." मग तिची नजर त्या फणीवर गेली. "ही... ही अर्लीनची नाही."

काठ चारी बाजूंनी बंद पाहून पांढरा धागा ओवलेली सुई घेऊन ती मागाजवळ गेली. काठाला हात लावायच्या आत सुचित्राने तिचं मनगट पकडलं. त्या पकडीचे वळ पुढे बरेच दिवस राहिले. "माझं खराब करायला आलीस? तुला सगळे ओ देतात... तरी पुरेना?"

प्रीताने हात सोडवला नाही. ती तिच्याजवळ जमिनीवर बसली, विणीकडे नीट पाहिलं, आणि म्हणाली, "ताई, माझ्यापेक्षा किती सुंदर केलंयस गं तू. खोटं नाही सांगत. मला नाही जमणार असं."

तो थक थक आवाज थांबला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की फणी भिंतीशी टेकवलेली होती, आणि तरी इतका वेळ तो येतच होता.

"खरंच?" सुचित्राने विचारलं. तिच्या स्वतःच्या आवाजात.

"खरंच. आता एवढा एक धागा तूच घाल."

सुचित्रा रडायला लागली. रडत रडत तिने सुई घेतली. प्रीता काठाच्या टोकाशी तळहात धरून बसली आणि सुचित्राने आतून बाहेर, तिच्या हाताच्या दिशेने, धागा ओढला. सुई बाहेर आली तशी प्रीता एकदम शहारली. थंड पाण्यात हात घातल्यासारखी. "काही नाही," ती म्हणाली. "एसी कमी करा जरा."

आम्ही तिघे लगेच गाडीने अर्लीनकडे गेलो. तिने फणीला हात लावला नाही, रागावलीही नाही. सुचित्रानेच ती उतारावर नेऊन फोडलेल्या भिंतीपाशी ठेवली. मग अर्लीनने त्यांच्या जाणत्या माणसाला बोलावलं. त्याने सुचित्रासाठी जे केलं ते बाहेर सांगायचं नसतं, म्हणून सांगत नाही. अर्लीन एवढंच म्हणाली, "माझ्या बहिणीला सगळं येत होतं. पण माझं काही बघितलं की तिला चैन पडायची नाही."

सुचित्रा बरी झाली. अगदी पूर्वीसारखी, उलट जरा मऊच. प्रीताचे फोन ती आता स्वतःहून लावते.

मार्चमध्ये प्रीता आठवडाभर आमच्याकडे आली. एका दुपारी सुचित्रा भाजी आणायला गेली होती, मी खाली लॅपटॉप उघडून बसलो होतो. वरून बांगड्या वाजल्या म्हणून गेलो. प्रीता आमच्या बेडरूमच्या आरशासमोर उभी होती. अंगावर सुचित्राच्या लग्नातली हिरवी पैठणी, हातात तिचा चुडा, गळ्यात तिचं मंगळसूत्र. सुचित्रा ते रात्रीही काढत नाही.

मी दारातच थबकलो. ती आरशातूनच माझ्याकडे बघत होती. मला कायम 'भावोजी' म्हणणारी ती मुलगी हळूच म्हणाली,

"मिहीर... हे सगळं तिलाच का रे?"

खाली गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज आला. सुचित्रा परत आली होती, खालून हाक मारत होती. प्रीताने पदर नीट केला आणि तिला ओ द्यायला माझ्याआधी जिना उतरली.