हिरवळीवरची विकाऊ गाडी

स्टेलानने आपली जुनी ब्रागे गाडी तळ्याकाठच्या हिरवळीवर लावली, गिअर रिव्हर्समध्ये ढकलला आणि दोन सीटांच्या मधल्या खाचेतून किल्ली काढली.

"अजून मागे जायचंय का?" शेजारी बसलेल्या मायकेनने विचारलं.

"असं केल्याशिवाय किल्ली सुटतच नाही. जुन्या ब्रागेची खोड आहे ती."

"गाडीची की तुझी?"

स्टेलान हसला आणि त्याने दार उघडलं. पुढच्याच क्षणी त्याने नाकावर रुमाल दाबला. जनावरांचा डॉक्टर म्हणून त्याने आयुष्यात काय काय हुंगलं होतं, पण ऑगस्टच्या उन्हात समोरच्या लाकडी कोठारातून येणारा हा वास त्यालाही नवा होता.

तोर्केल समोरून तरातरा आला. जुन्या ब्रागेवाल्यांच्या संघाचा हा अध्यक्ष. अंगात निळं ब्लेझर, छातीवर संघाचा बिल्ला, शर्टाला कडक इस्त्री.

"बरं झालं आलीस, मायकेन," तो म्हणाला. "दुपारी मतदान आहे. त्याआधी मला गुन्हेगार हवाय, पुराव्यासकट. कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे म्हणा."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"आपल्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून."

मायकेन तोर्नबर्ग खाजगी गुप्तहेर होण्याआधी वीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे अपघात हुडकत होती. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींवर तिचा फारसा भरवसा नसे. ती कोठारात शिरली.

आत पहिली ब्रागे उभी होती. कारखान्यातून बाहेर पडलेली सगळ्यात पहिली गाडी, फिकट हिरवी, आरशासारखी लखलखीत. कुणीतरी आंबवलेल्या हेरिंग माशांचा अख्खा डबा तिच्यात ओतला होता. करडं पाणी सीटांच्या शिवणीत मुरलं होतं, माशाचे लिबलिबीत तुकडे हवेच्या झरोक्यांतून आत कोंबले होते, आणि वर काचा बंद करून गाडी रात्रभर तशीच ठेवली होती. माशा घोंगावत होत्या.

"शी!" स्टेलान म्हणाला.

"ज्या गाडीजवळ मी चाळीस वर्षं कुणाला साधा पाव खाऊ दिला नाही," तोर्केल दारातूनच म्हणाला, "त्या गाडीत हे! आणि रिकामा डबा सापडला कुठे? त्या टिंड्राच्या डिकीत."

टिंड्राचं प्रकरण स्टेलानला ठाऊक होतं. ब्रागे कंपनी परक्यांना विकली गेली तेव्हापासून संघाचा एकच कायदा होता. विक्रीच्या आधीची गाडी हिरवळीवर उभी राहील, नंतरची रस्त्यापलीकडे. नंतरच्या गाड्यांना हे लोक 'विकाऊ' म्हणत. टिंड्राचा बाप रूबेन कारखान्यात गाड्या जोडायचा. विक्रीनंतर घरी बसायच्या ऐवजी तो नव्या मालकाकडेही गाड्याच जोडत राहिला, म्हणून त्यालाही लोकांनी विकाऊ ठरवलं. एका मेळाव्यात त्याची खुर्ची उचलून रस्त्यापलीकडे ठेवली होती. त्यानंतर तो कधी आला नाही. या वर्षी टिंड्रा एकटी आली होती, बापाच्या हातून निघालेली शेवटची गाडी घेऊन; पहिल्या ब्रागेच्या मालकिणीने बोलावलं होतं म्हणून तेवढी ती हिरवळीवर उभी होती. नंतरच्या गाड्यांना हिरवळीवर घ्यावं असा ठराव दुपारी मतदानाला येणार होता. तो मंजूर झाला तर बापाला आणायचं, हे ती येईल त्याला सांगत होती.

बाहेर आरडाओरडा झाला म्हणून तिघेही धावले.

टिंड्रा डोळे पुसत आपल्या गाडीत बसली होती. "नकोय मला तुमची हिरवळ! जाते मी!" असं म्हणत तिने किल्ली फिरवली. गाडीने एकदम मागे उडी घेतली आणि कॉफीच्या टेबलावर आदळली. दालचिनीचे पाव गवतावर घरंगळले. लोक खो खो हसले.

"गाडी पण विकाऊ आणि चालवणारी पण दिव्य!" कुणीतरी ओरडलं.

"तिच्या गाडीचा क्लच पार वर पकडतो ना," तोर्केल तुच्छतेने म्हणाला. "सवय नसली की अशीच उडी मारते. ह्याला म्हणे इंजिनिअरिंग! मी तर जन्मात विकाऊ गाडीत बसलो नाही, आणि बसणारही नाही."

मायकेनने पायाशी आलेला पाव उचलून टेबलावर ठेवला. मग ती टिंड्राच्या खिडकीशी गेली.

"कुठे जाऊ नकोस. आत्ता गेलीस तर डबा तुझाच ठरेल."

*

पहिली ब्रागे रांगन्हिलची. तिचा नवरा कारखान्यात गाड्यांची चाचणी घ्यायचा. चौऱ्याऐंशी वर्षांची ही बाई दर मेळाव्याला त्या गाडीतून तळ्याला एक फेरी मारायची. आज ती तळ्याकाठच्या घराच्या व्हरांड्यात सुन्न बसून होती.

"काल काय काय झालं, सांगशील?" मायकेनने विचारलं.

"काय व्हायचंय? कुरल्यांचं जेवण. डोक्यावर कागदी टोप्या, गाणी, दारू. दरवर्षीसारखं. मी इथं टेबलाच्या टोकाला होते."

"टेबलावरून उठलं कोण कोण?"

"तोर्केलने टिंड्राच्या बापावरून टोमणा मारला, तशी पोरगी रडत तळ्याकडे गेली. मग येर्केर उठला. माझी गाडी विकत मागत होता मेला, मी सगळ्यांदेखत त्याला झापला. आणि तोर्केल गाण्याच्या वह्या आणायला गेला होता. बाकी कोण उठणार? कुरल्या समोर असताना ह्या लोकांना भूकंपसुद्धा उठवायचा नाही."

"आणि रात्री कुठल्याशा गाडीचा दिवा तुला दिसला, असं ऐकलं."

"कोठाराकडे जाताना दिसला. मागे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टी. तसला दिवा फक्त विकाऊ गाडीला असतो, आणि हिरवळीवर विकाऊ गाडी एकच होती. मीच बोलावलं होतं गं त्या पोरीला." तिचा आवाज चिरकला. "माझंच चुकलं म्हणायचं का?"

मायकेन उठली. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यांची एक फळी होती, तिच्याकडे ती बघत राहिली. दारू प्यायच्या आधी सगळ्यांनी आपापल्या किल्ल्या तिथं अडकवायच्या, ही मेळाव्याची जुनी रीत. म्हणजे टिंड्राची किल्लीही काल तिथंच लटकत होती, कुणाच्याही हाताशी.

येर्केर जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकायचा. तो आपल्या व्हॅनच्या पायरीवर डावा पाय ताठ पसरून बसला होता.

"माझ्यावर संशय?" तो खिदळला. "अगं, ती गाडी मला हवी होती. खायच्या ताटात कोणी थुंकतं का?"

"टेबलावरून कशाला उठलास?"

"मुतायला! ते पण तुला विचारून करायचं? आणि ह्या पायाने किती वेळ लागतो बघ. डॉक्टरने गुडघाच जाम करून टाकलाय, वाकत नाही. क्लचवाल्या गाड्यांवर पोट भरतो आणि स्वतः ही विनाक्लचची व्हॅन चालवतो. हसू नकोस, स्टेलान."

स्टेलान हसत नव्हता. वाऱ्याबरोबर कोठारातला वास परत आला होता, तो नाक दाबत होता.

टिंड्रा तळ्याकाठच्या धक्क्यावर एकटी होती.

"मघाशी गाडी मागे का उडाली?" मायकेनने विचारलं.

"काय माहीत. मी नेहमी न्यूट्रलमध्ये लावते आणि हँडब्रेक ओढते. बाबांनी तसंच शिकवलंय. म्हणून क्लच न दाबताच किल्ली फिरवते. आज गाडी गिअरमध्ये होती, आणि ब्रेकही खाली. काल रडत होते, पण गाडी तर मी दिवसा लावली, तेव्हा कुठे रडत होते?"

"आणि क्लचचं काय?"

"बाबांनी गेल्याच आठवड्यात नवा बसवला. वर पकडतोय, पेडल पार सोडेपर्यंत गाडी हलत नाही, नीट करायचा राहिलाय. इतर गाड्यांचा खाली पकडतो. पण तुला कुणी सांगितलं? बाबा नि मी सोडून ती कुणी चालवलीच नाही."

मायकेनने तिच्याकडून किल्ली घेतली आणि स्टेलानच्या हातावर ठेवली.

"ही गाडी कोठाराशेजारी नेऊन लाव. आणि किल्ली मला आणून दे."

"मी? विकाऊ गाडी?" स्टेलान दचकला. इतक्या वर्षांत त्याने तसल्या गाडीला हातही लावला नव्हता. त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो मुकाट गेला.

*

जेवणानंतर सगळे कोठाराबाहेर जमले. नाकांना रुमाल होते. तोर्केल मतपेटीपाशी उभा होता.

"थोडक्यात आटप, मायकेन. नाव सांग, मग मतदान घेऊ."

"आधी स्टेलानला एक विचारते. टिंड्राची गाडी आत्ता कोणत्या गिअरमध्ये आहे?"

स्टेलानने गाडीकडे पाहिलं. त्याला आठवेना.

मायकेनने टिंड्राच्या गाडीचं दार उघडून सगळ्यांना दाखवलं. "रिव्हर्समध्ये. हँडब्रेक खाली. का ठेवलीस रे अशी? हिची किल्ली तर स्टिअरिंगपाशी आहे. कोणत्याही गिअरमध्ये निघते."

"हात आपोआप गेला," स्टेलान पुटपुटला.

"तुमच्यातल्या प्रत्येकाचा गेला असता. जन्मभर जुन्या ब्रागेची किल्ली रिव्हर्सशिवाय सुटली नाही. टिंड्राचा हात तिकडे जात नाही, ती न्यूट्रलमध्ये लावते. सकाळी तिने गाडी चालू केली, तर गाडी मागे उडाली. म्हणजे काल शेवटी ती गाडी तिने लावलेली नव्हती. लावली तुमच्यातल्याच एकाने, विकाऊ गाडीचा विटाळ मानणाऱ्या जुन्या ब्रागेवाल्याने. फळीवरची किल्ली घेतली, लाल दिवा रांगन्हिलला दिसेल अशी गाडी कोठाराकडे नेली, आपलं घाणेरडं काम केलं, डबा डिकीत टाकला आणि गाडी जागेवर आणून लावली. सवयीप्रमाणे रिव्हर्समध्ये."

कुजबुज सुरू झाली.

"इथं सगळेच जुन्या ब्रागेवाले आहेत," तोर्केल म्हणाला. "मग काय, सगळ्यांना पकडणार?"

"टेबलावरून तिघंच उठले. टिंड्रा सुटली. येर्केरचा डावा गुडघा वाकत नाही, तो क्लच दाबू शकत नाही. उरलास तू."

"मी? मीच तुला बोलावलं!"

"हो. आपल्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून. तुझेच शब्द. आणि सकाळी तू आणखी एक बोललास. तिचा क्लच पार वर पकडतो. तो गेल्या आठवड्यात बसवलाय, तोर्केल. बाहेरून दिसत नाही. ज्याच्या पायाखाली ती गाडी गेली त्यालाच कळतं. तू तर म्हणे जन्मात तिच्यात बसला नाहीस."

तोर्केलचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. स्टेलानला वाटलं, आता हा नाही म्हणेल. नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं.

"मी संघ वाचवला!" तोर्केल ओरडला. "ठराव मंजूर होणार होता, मी मोजलं होतं! उद्या ह्या हिरवळीवर विकाऊ गाड्यांची जत्रा भरली असती. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. गाडी काय, धुता येते!"

स्टेलान त्या निळ्या ब्लेझरकडे बघत राहिला. ह्यापुढे कोठारात आलेली शिसारी काहीच नव्हती. ह्या माणसाच्या शेजारी बसून त्याने वर्षानुवर्षं कुरल्या खाल्ल्या होत्या, निष्ठेची गाणी म्हटली होती, आणि रूबेनची खुर्ची उचलली गेली तेव्हा तोही हसला होता. त्याने छातीवरचा बिल्ला उपटला आणि मतपेटीवर ठेवला.

रांगन्हिल काठी टेकत तोर्केलसमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याने ह्या गाडीत मला लग्नाची मागणी घातली होती," ती म्हणाली. "हे तुला माहीत होतं. तुला गाडी कधी आवडलीच नाही रे. तुला फक्त लोकांना बाहेर ठेवायला आवडतं."

ती वळली आणि टिंड्राच्या गाडीत शेजारच्या सीटवर जाऊन बसली. टिंड्रा मायकेनकडून किल्ली घेऊन घाईघाईने स्टिअरिंगमागे बसली. रांगन्हिलचा हात सवयीने दोन सीटांच्या मधे किल्लीची खाच चाचपू लागला.

"इथं नाही, इथं असते," टिंड्राने स्टिअरिंगखाली दाखवलं.

"काय हा वेडेपणा!" रांगन्हिल म्हणाली. "असो. चल, माझी तळ्याची फेरी राहिलीय. पण आधी तुझ्या घरी घे. रूबेनला सोबत घेऊ."

"बाबा येणार नाहीत. त्यांची खुर्ची..."

"खुर्ची आणायला सांग. माझ्या शेजारी लावू."

टिंड्राने क्लच दाबला, गिअर न्यूट्रलमध्ये आणला आणि किल्ली फिरवली.