मालुबाईची गाठ

मोबाईल खाली ठेवा, मग सांगतो. माझ्याबरोबर तंबाखूच्या वखारीत परशराम होता, त्याच्या डोळ्यांदेखत घडलेलं हे. खोटं बोलायला मला काय पगार मिळत न्हाय.

निपाणीजवळ आमच्या गावात मालुबाई सुजलेला सांधा बांधायची. तंबाखूचं पान, त्यावर चुना, वर फडकं. शेवटच्या गाठीत स्वतःचा एक पांढरा केस. तिनं बांधलं की सोडायचंबी तिनंच, हा तिचा नेम. परशरामचा धाकटा भाऊ भरमू, त्याचा उजवा गुडघा भोपळ्यागत सुजला, ताप चढला, तवा तिनंच बांधला. तिसऱ्या दिवशी म्हातारी मेली.

आता सोडणार कोण? घरात बारावी शिकलेली चार माणसं, पण हात लावायला एक न्हाय. आणखी चार दिवस तसाच ठेवला. फडक्यातनं पिवळं गळायला लागलं, माश्या बसायला लागल्या, कुजल्या उंदराचा वास. हसतोस काय रं युवराज, तूबी तेच केलं असतंस.

शेवटी परशरामनं गाडी करून त्याला बेळगावला नेलं. डॉक्टरीणबाईंनी गाठ कात्रीनं कापली. सांध्यात सुई घातली, तर दाट ताकागत पू वर आला.

त्या म्हणाल्या, "अजून एक दिवस घरी ठेवला असता, तर पाय गेला असता."

लगेच सांधा उघडून धुतला. सलाईनमधनं औषध लावलं. पाय राहतोय का, ते दोन दिवसांनी कळणार होतं.

दुसरी रात्र. मंगळवार, मार्गशीर्षातली अमावस्या. पावणेदोन वाजलेले. परशराम भरमूच्या कॉटखाली चटई टाकून पडलेला.

वास आला. तोच.

डोळे उघडले. समोर पावलं... भेगाळलेली. टाचांना चुना.

कॉटजवळ थांबली.

वर फडकं फाडल्याचा आवाज.

"माझी गाठ कुणी कापली रं?"

वर भरमू कण्हला...

मग गप.

उजाडल्यावर डॉक्टरीणबाई आल्या. उजवा गुडघा बघितला. सूज उतरलेली, पट्टी कोरडी, अंगात ताप न्हाय. पाय वाचला म्हणाल्या. परशराम रडला.

मग बाईंनी पांघरूण पुरतं बाजूला केलं.

डावा गुडघा. काल रात्रीपर्यंत धडधाकट... त्याला फडकं बांधलेलं. खालनं पिवळं गळत होतं.

बाईंनी कात्री उचलली. आणि तशाच उभ्या राहिल्या.

गाठीत पांढरा केस. अजून ओला.