‘फुंकर’चा अडकलेला अंक

नागभीड स्टेशनच्या बाकावर तहसीन पाकिटांना तिकिटं चिकटवत बसली होती, आणि शेजारच्या बाकावर कुणीतरी माउथ ऑर्गन वाजवत होतं. रुळांवर भाद्रपदातली भुरभुर पडत होती. फुंक हलकी होती, गाणं गोड होतं… पण दर वेळी एका जागी आलं की पाय मुरगळल्यासारखं लंगडायचं.

तिसऱ्यांदा तिला राहवलं नाही.

“चौथ्या भोकाची पत्ती उतरली तुमची,” ती मान वर न करता म्हणाली.

“उतरली नाई जी, मीच उतरवली.” तो हसला. “चढवाले गेलो, न् आणखीन उतरली. ‘फुंकर’मधी वाचून केलं.”

तहसीनचं ओलं बोट तसंच राहिलं. मांडीवरच्या पाकिटांत ‘फुंकर’चाच नवा अंक होता.

माउथ ऑर्गनवाल्यांसाठीचं ते चार पानांचं झेरॉक्स पत्रक तिचे अब्बा, वहाबभाई, घड्याळं दुरुस्त करता करता काढत. नागपूरला कुठले नवे बाजे आले, वडशाच्या कोणत्या गुरुजींना आपला चोवीस भोकांचा विकायचा आहे, आतली पितळी पत्ती सुरात कशी आणायची… चंद्रपूर-गडचिरोलीतल्या त्रेसष्ट घरांत ते दर तीन महिन्यांनी जाई. मे महिन्यात अब्बा गेले. जूनचा अंक तिनं पुरा केला, खाली नेहमीसारखं ‘आपला, वहाबभाई’ लिहिलं, आणि वाचकांना काहीच कळवलं नाही. ‘वहाबभाई, तब्येत कशी?’ अशी पत्रं येत. ती अब्बांच्या अक्षरात ‘बरी आहे’ असं लिहून टाकी.

त्यानं घडी घातलेला जूनचा अंक पुढे धरला. “हे पहा. ‘सूर उतरला असेल तर पत्तीचं मूळ घासा.’ आता, टोक घासलं का सूर चढते न् मूळ घासलं का उतरते, हे वहाबभाईनंच मले पत्रात शिकवलं होतं. तरी छापलेलं खरं मानलं न् मूळ घासलं. ते असी गलती करत नाईत. बिमार आहेत का, म्हणून पाहाले आलो. तुमी वळखता त्याईले?”

“मी मुलगी त्याईची.” तिनं पाकिटं पिशवीत कोंबली. “ते… बाहेरगावी गेले. बाजा ठेवून जा. रविवारी या.”

पाकिटं त्या दिवशी टपालात पडली नाहीत.

रविवारी तो घड्याळांच्या दुकानात आला. नाव सैफ, सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात नोकरी. “लोंब्या मोजतो दिवसभर,” तो म्हणाला, “मंग संध्याकाळी बाजा नाई वाजवला तर झोपेतबी मोजतो.”

तहसीननं बाज्याचं झाकण उघडलं आणि चिमट्यानं तंबाखू लागलेला सुपारीचा एक कण बाहेर काढला.

“खर्रा खाता?”

“सोडला.”

“कधी?”

“हे आत्ता… तुमी पाह्यलं तवा.”

तिला हसू आलं. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच. ते लपवायला ती कानशीवर वाकली आणि पत्तीचं टोक हलकेच घासू लागली. सूर जमला का, हे फुंकल्याशिवाय कळणार नव्हतं. ती क्षणभर थबकली… मग ओढणीनं बाजा पुसला, आणि एकदाच फुंकलं. जमला होता. तिनं बाजा पुढे केला. त्यानं घेतला, ओठांना लावला. न पुसता.

ते तिनं पाहिलं. त्यानंही, तिनं पाहिलं हे पाहिलं.

पुढच्या रविवारी तो तिसरं भोक घेऊन आला, त्याच्या पुढच्या रविवारी सातवं.

“सातव्याले काय झालं? चांगलं तर आहे,” ती म्हणाली.

“ते मलेबी मालूम आहे.” तो बाज्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “वहाबभाई अजून आले नाईत?”

तिनं बाज्याचं झाकण परत लावलं.

“त्याईचा चष्मा इथीच टेबलावर आहे. बाहेरगावी जाणारा माणूस चष्मा नेते जी.”

“कधीपासून कळलं तुमाले?”

“पहिल्याच रविवारी.”

“मंग बोलले काऊन नाई?”

“तुमी सांगाल, म्हणून थांबलो.”

तहसीननं एक घड्याळ उचललं, किल्ली भरली, परत ठेवलं. “तो अंक माझ्या हातानं निघाला. टोक न् मूळ मीच उलटं लिवलं. नवा अंक तीन हप्त्यांपासून इथीच पडून आहे. चूक सुधराची तर ती अब्बांच्या नावावर जाते… त्याईनं उभ्या जन्मात पत्ती उलटी घासली नाई. माझ्या नावावर घ्याची तर ते गेले हे लिवा लागते. त्रेसष्ट घरांत ते अजून आहेत, सैफ.”

“आहेत,” तो म्हणाला. “पण त्या घरांत बाजे बिघडून राह्यले. लोकं म्हणत असतील, वहाबभाईचं आता ध्यान नाई.”

हे तिला लागलं. मग तिनं कागद ओढला आणि चार महिन्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं—

‘जूनच्या अंकातली चूक माझी आहे. सूर चढवायचा असेल तर पत्तीचं टोक घासावं. माझे अब्बा, वहाबभाई, नऊ मे रोजी वारले. त्यांच्या हातून अशी चूक कधी झाली नसती. — तहसीन’

‘वारले’पाशी शाई जरा फुटली. त्यानं ते पाहिलं. कोपऱ्यावर जाऊन झेरॉक्स काढून आणल्या.

मग दोघं पाकिटं उघडून एकेक चिठ्ठी आत सरकवत बसली. आपल्या पत्त्याचं पाकीट हाती आलं तसा सैफ थांबला.

“आता मी लिवू कोणाले?”

“मले लिवा.”

“बाजाचं लिवीन. पण एक गोष्ट वहाबभाईलेच विचाराची होती.” त्याचे कान लाल झाले होते. “तुमच्या मुलीले मागणी घालू का… म्हणून.”

तिनं बोटांवरचा वाळलेला डिंक खरवडला.

“ते अम्मीले विचारा लागते आता,” ती म्हणाली. “पण… आधी मले.”

“तुमालेच विचारून राह्यलो जी.”

तिनं पाकिटांचा गठ्ठा उगीचच सारखा केला.

“सिंदेवाहीची गाडी किती वाजता आहे तुमची?”

“साडेपाचले.”

“चुकवा,” ती म्हणाली. “अम्मी सहा वाजता येते घरी.”