दुखण्यातला पहिला फोन

सौंसरच्या बसस्टँडसमोर अमोलचं मोबाइलचं दुकान. मे महिन्यात रामाकोन्याची सुचिता फुटलेला स्क्रीन घेऊन आली, तेव्हा त्याला पहिल्या नजरेत जे सुचलं ते त्याने केलं — कुलर तिच्याकडे वळवला.

"मले मारता का भाऊ?" ती मागे सरली. "सिकलसेल आहे मले. थंड हवेनं हाडं दुखतेत."

'भाऊ' ऐकून अमोलच गार पडला. त्याने कुलर बंद केला. दोघंही घामाघूम... आणि स्क्रीन बसायला विनाकारण तासभर लागला.

पावसाळ्यापर्यंत अमोल सिकलसेल परिवार मंडळाच्या बैठकांना जाऊ लागला. घरात कुणी आजारी नसताना हा कशाला येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विचारत कुणी नव्हतं. तो सतरंज्या टाकी, सगळ्यांना पाणी पाजी. सुचिताला जरा जास्तच.

"मी काय म्हैस आहे?" ती म्हणे — पण ग्लास घेई.

सगळं छान होतं. भूपेंद्र सोडून.

मंडळाची रीत अशी, की प्रत्येक आजारी माणसाने एक साथी निवडायचा. कळ उठली की पहिला फोन त्याला. गाडी, दवाखाना तो बघणार. सुचिताचा साथी भूपेंद्र. त्याच्या धाकट्या भावालाही हाच आजार, म्हणून माणूस तयारीचा. उंच, शांत, वर स्वतःचा ऑटो. त्याच्यात खोट काढायला अमोलने फार मेहनत घेतली. चहा आवाज करून पितो, एवढंच सापडलं.

डिसेंबरातल्या बैठकीत भूपेंद्रचा फोन वाजला. "निघालो, सुचिता," म्हणत तो उठला. अमोलही मागोमाग उठला. तो न विचारता ऑटोत जाऊन बसला.

रामाकोन्याला घरी, बाहेरच्या खोलीत सुचिता खाटेवर गोधडीत आखडून पडली होती. "मेल्या, इतका उशीर?" ती भूपेंद्रवर ओरडली. मग अमोल दिसला... आणि तिने गोधडी तोंडावर ओढली.

"ह्याले कोणं आणलं?"

भूपेंद्र तिच्या आईला बोलवायला आत गेला. अमोल खाटेशी बसला.

"त्याले शिव्या देतं, अन् मले तोंडबी दाखवत नाही. मले फोन काहून नाही करत?"

"त्याच्यासमोर कशीबी दिसली तरी चालते..." गोधडीतून आवाज आला. "तुह्यासमोर नाही चालत."

हे अमोलच्या डोक्यात उतरायला जरा वेळ लागला.

"मंग मह्यासमोरबी कशीबी दिस ना, सुचिता."

गोधडीतून एक हात बाहेर आला, त्याने अमोलची बोटं धरली — आणि कळ येताच मोडतील इतकी दाबली.

"पाठ चोळ, येड्या बह्याडा!"

अमोलशी इतकं गोड आजवर कुणी बोललं नव्हतं.

भूपेंद्र आईला घेऊन बाहेर आला. "आई पुढं बसन," सुचिता म्हणाली. "हा मह्याजवळ."

ऑटोत तिने अमोलच्या खांद्यावर डोकं टेकलं. "पुढच्या वेळी फोन तुले. उचलजो."

"उचलीन!" अमोल खुशीत म्हणाला. मग त्याला कळलं, 'पुढच्या वेळी' हे ती किती सहज बोलून गेली... त्याने गोधडी तिच्या पायांवर नीट ओढली.

भूपेंद्र खड्डे चुकवत ऑटो चालवत राहिला. आरशातून फक्त एकदा त्याने मागे पाहिलं.

ती नजर अमोलच्या चांगलीच ओळखीची होती — आजवर ती त्याचीच होती.