उष्टा कुंचला

"डोळ्याचा पाहिजे की सोंडेचा?"

किमया दचकली. पेणच्या त्या कारखान्यात कुंचला मागायला शिरली, तर सगळे गणपती बिनडोळ्यांचे. डोळेवाला हा एकच, प्रणित, आणि तो बघत होता... जरा जास्तच.

"कांद्याचा. पापुद्रा काचेवर पसरायचाय. रोह्याच्या कॉलेजात प्रयोग आहे."

प्रणितने एक बारीक कुंचला ओठांत धरून त्याला टोक काढलं आणि अदबीने पुढे केला. "गौरीच्या भुवया यानंच आखतो. परत आणून द्या."

"आणायलाच हवा?"

"नायतर तुम्ही परत कशा येणार?"

किमयाने रुथेनियम धातूचं एक नारिंगी संयुग बनवलं होतं. नुसत्या पाण्यात ते विझलेलं राहायचं. पेशीतल्या डीएनएत शिरलं, तरच लाल उजळायचं. दुसऱ्या दिवशी तिने पडताळ्यासाठी आधी नुसत्या पाण्याची काच केली, संयुगाचा थेंब कुंचल्याने पसरला, सूक्ष्मदर्शकात डोकावली – आणि स्टुलावरून उठलीच. लाल दिवे!

"पाण्यातही पेटतंय. संयुग बाद, विषय बदला," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले आणि चहा प्यायले. दोन वर्षांची मेहनत चहाआधीच संपली होती.

किमयाने पुन्हा पाहिलं. पाणी काळंच होतं. उजळलेले ठिपके होते पसरट पेशींच्या पोटात... गालाच्या पेशी! पण कोणाच्या गालाच्या? तिला ते ओठ आठवले, आणि तिचेच गाल तापले.

तिने पेणची एसटी पकडली.

"तुम्ही कुंचला तोंडात घातला होता!"

प्रणितचा चेहरा कच्च्या शाडूसारखा झाला. "सवय हाय. देवाच्या कामाला नाय घालत, आईशप्पथ! पण तेव्हा... तुमच्याकडं बघत होतो."

"तुमच्या पेशी माझ्या काचेवर चमकतायत!"

"लाल?"

"लाल."

"मग मनातलं खरं हाय ते," तो पुटपुटला.

"कोरा कुंचला द्या. पाणी काळं राहिलं, तरच माझं संशोधन वाचेल."

त्याने श्वास रोखून, हात लांब करून कोरा कुंचला दिला.

पाणी काळं राहिलं. कांदा झगमगला. सरांचा चहा निवला.

तिसऱ्या दिवशी किमया पुन्हा कारखान्याच्या दारात. "वाचलं! कोरा परत घ्या. उष्टा मी ठेवतेय."

गणपतीची भुवई आखता आखता प्रणित थबकला. "उष्टं... आमच्यात घरच्यांचंच चालतं."

"आमच्यातही. म्हणून तर आईला आणलंय. बाहेर रिक्षात बसलीय."

कुंचला सटकला. त्या गणपतीची एक भुवई पार मुकुटापर्यंत गेली, आणि विसर्जनापर्यंत तो तसाच चकित राहिला.