ओसाकाला एकटीच

त्या दिवशी मोरिओकात बर्फ पडत होता, पण अर्धवट वितळलेला... छत्रीवर टप्‌ टप्‌ वाजणारा. आमच्या चष्म्याच्या दुकानाला बुधवारी सुट्टी. मी ओदोरी रस्त्यावरच्या पुस्तकांच्या दुकानात शिरले, बूट आपटून बर्फ झाडला आणि थेट वरच्या मजल्यावर प्रवासाच्या पुस्तकांकडे गेले. मला ओसाकाचं पुस्तक हवं होतं. एकच प्रत उरली होती, आणि ती एका माणसाच्या हातात होती.

उंच, विस्कटलेले केस, कंपनीचं निळं जाकीट. तो वाचत नव्हताच, एकाच पानाकडे टक लावून बघत होता. मी शेजारची होक्काइदोची पुस्तकं उगाच खालीवर करत थांबले. तो हलेना. मी हळूच खाकरले. तरी हलेना.

"माफ करा... हे तुम्ही घेणार आहात का?"

"अं? नाही, नाही! मी आपलं घर बघत होतो."

"घर?"

त्यानं पान माझ्यासमोर धरलं. छताखालच्या बाजारपेठेचा फोटो, आणि कोपऱ्यात एक धुरकट चिमणी. "ही आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघराची चिमणी. माझं घर तिच्या मागे. म्हणजे फोटोत दिसत नाही... पण आहे!"

मला हसू आलं. बोलण्याचा हेल अस्सल ओसाकाचा होता, प्रत्येक वाक्याचं शेपूट वर उडवणारा. आमच्याकडे थंडीनं माणसं तोंडसुद्धा पुरतं उघडत नाहीत.

"तुम्ही चाललात ओसाकाला? कधी?"

"एप्रिलात. तीन दिवस."

"कुणाबरोबर?"

हा प्रश्न येणार हे ठाऊकच होतं. "एकटीच," मी म्हटलं आणि पुढचं ऐकायची तयारी केली. आई म्हणाली होती, "एकटीच? का गं, कुणीच मिळालं नाही?" दुकानातल्या कुमागाइ-सान नुसत्याच "अगंबाई" म्हणाल्या होत्या, आणि त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या डब्यातलं जास्तीचं लोणचं वाढलं होतं.

या माणसाचे डोळे मात्र लकाकले. "वा! मग काय काय खाणार?"

बस्स. एवढंच म्हणाला तो. पण माझ्या छातीत काहीतरी टुणकन उडालं.

खरं सांगायचं तर, आदल्या वर्षी माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मीच मोडलं. मासानोबु वाईट नव्हता हो. पण कुठंही गेलो की गरम पाण्याचं कुंड, एक तळं, जेवण आणि झोप. मी म्हणायचे, त्या टेकडीवर जाऊया? तो म्हणायचा, "तू दमशील, मिचिरु." मी काय खायचं तेही तोच सांगायचा. आणि मला तर दमायचं होतं! पाय भरून येईस्तोवर, हसून हसून घसा बसेस्तोवर. गर्दीत घुसायचं होतं, चुकायचं होतं, चुकीच्या स्टेशनावर उतरायचं होतं.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला सांगितलं. पुस्तकांच्या दुकानात नाही, नाकात्सु नदीकाठच्या कॉफीच्या दुकानात, खिडकीपाशी बसून. तिथवर कशी पोचले? "पुस्तक तुम्ही घ्या, पण निदान ते पान बघायला कॉफीपुरतं उसनं द्या," असं तो म्हणाला म्हणून.

त्याचं नाव तेप्पेइ उएनिशी. लिफ्ट दुरुस्त करायचा. सहा महिन्यांसाठी इकडे पाठवला होता, मार्चअखेर परत जायचा होता. मी केलेला आराखडा त्यानं वाचला आणि त्याच्या भुवया केसांत गेल्या.

"एका दिवसात अकरा ठिकाणं? तुम्ही बाई आहात की बुलेट ट्रेन?"

"जमेल मला."

"किल्ल्याला वीस मिनिटं! अहो, इतक्या झटपट तो शत्रूलाही कधी घेता आला नाही."

"मला घ्यायचा नाहीये. बघायचाय."

"आणि जेवण कुठंय यात?"

"चालता चालता."

त्यानं छातीवर हात ठेवला. "माझ्या गावात येऊन चालता चालता जेवणार! बरं, ऐका. ताकोयाकीचे ऑक्टोपस भरलेले गरम वडे लगेच तोंडात टाकायचे नाहीत, जीभ भाजेल. तिकडच्या आज्या पर्समधून गोळ्या काढून देतील, नाही म्हणायचं नाही. आणि कुणी बोटांची बंदूक करून 'धाड' म्हणालं, तर मरायचं."

"काय?"

"मरायचं. छाती धरून. ओसाकात तो शिष्टाचार आहे." त्यानं माझ्यावर बोट रोखलं. "धाड!"

मी इकडेतिकडे पाहिलं. मालक कप पुसत होते. मी... जरासा हात छातीशी नेला.

"हे मरण नाही, ही ॲसिडिटी झाली," तो म्हणाला. मी इतकी मोठ्यानं हसले की मालकांच्या हातातला कप निसटता निसटता राहिला.

मग दर बुधवारी भेटणं ठरूनच गेलं. आराखड्यात ठिकाणं येत, जात, पुन्हा येत. मधे कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. एकदा तो आमच्या दुकानातच येऊन उभा राहिला. "चष्मा हवाय. लिफ्टच्या खाली अंधारात बारीक तारा दिसत नाहीत."

कुमागाइ-सान लगबगीनं मागे गेल्या. "मिचिरु-चान, तूच बघ गं. माझा हात गुंतलाय." त्यांच्या हातात काहीही नव्हतं.

मी माप घ्यायला त्याच्यासमोर बसले. "सरळ बघ. माझ्या नाकाकडे."

"नाकाकडे कसं बघू? मधे डोळे येतात."

"गप्प बस. पट्टी हलतेय."

"मी तर हललोच नाही..."

खरंच. माझाच हात हलत होता. रोज कितीतरी डोळ्यांची मापं घेते मी, पण उजव्या डोळ्याच्या कडेला असा तांबूस ठिपका असलेले डोळे... नंबर मला दोनदा लिहावा लागला.

मार्चच्या मध्यावर इवाते पर्वताचा बर्फ उतरू लागला. आम्ही पुलावर उभे होतो. तेप्पेइनं खिशातून फोन काढला, चेहरा नुसता फुललेला. "ऐक! एप्रिलात मी तिकडेच असेन ना? तिन्ही दिवस रजा टाकलीय. विमानतळावर घ्यायला येतो. तुझा आराखडा मी जरा... सैल केलाय. सकाळी उशिरा निघू, दुपारी माझ्या मावशीकडे जेवण, मग थोडी विश्रांती. नाहीतर दमशील तू."

मी कठड्यावरचा हात काढून घेतला. खालून नदीचा आवाज फार मोठा वाटायला लागला.

"काय झालं?"

"ही माझी सहल आहे, तेप्पेइ."

"हो, तुझीच! मी फक्त..."

"मी एकटी जाणार म्हटल्यावर 'का' असं न विचारणारा तू पहिला माणूस होतास." मी म्हटलं. "आता तूही मासानोबुसारखंच करतोयस."

त्यानं फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "मग त्यात मी कुठे?"

"माहीत नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

पुढच्या बुधवारी मी कॉफीच्या दुकानात गेले नाही. घरी बसून विमानाचं तिकीट काढलं. आमच्या हानामाकी विमानतळावरून ओसाकाच्या इतामीला, खिडकीजवळची जागा. बटण दाबताना आनंद झाला आणि त्याच वेळी रडूही आलं. असं एकदम दोन्ही होऊ शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

तो जायच्या दिवशी कुमागाइ-साननीच मला दुकानातून पिटाळलं. "जा गं बाई! सकाळपासून एकच फ्रेम पुसतेयस. झिजेल ती!"

फलाटावर तो दोन बॅगा घेऊन उभा होता. मला पाहून सरळ झाला आणि चक्क वाकला. "चुकलं माझं. रजा रद्द केली. तू ये, तुझ्या मनासारखी धाव. मी समोर येणार नाही, फोन करणार नाही. फक्त..." गाडीचं दार उघडलं. "त्या गावात आपलं एक माणूस आहे, एवढं मनात असू दे."

मला पुष्कळ बोलायचं होतं. "नीट जा," एवढंच आलं.

आणि मग एप्रिल! विमान इतामीवर उतरलं तेव्हा मी शाळकरी पोरीसारखी खुर्चीच्या कडेला बसले होते. काय सांगू ते तीन दिवस! किल्ल्याभोवती चेरी इतकी फुललेली, की वाऱ्याची झुळूक आली की पाकळ्यांनी माझी कॉलर भरायची. चुकीच्या स्टेशनावर उतरले, एकदा नाही, अनेकदा. एका गल्लीत शिरले तर तिथं पटावर सोंगट्या मांडून गो खेळणाऱ्या आजोबांनी मला पंच नेमलं. ताकोयाकीनं जीभ भाजली. सुमियोशी देवळाच्या कमानदार पुलावर एका आजीनं विचारलं, "एकटीच का गं?" मी मान ताठ करून "हो!" म्हटलं. तिनं पर्समधून लिंबाची गोळी काढून दिली. "बरं केलंस. मीही एकटीच आलेय. म्हातारा घरी घोरतोय."

तेप्पेइनं शब्द पाळला. एक मेसेज नाही. पण कुठंही निळं जाकीट दिसलं की मान वळायचीच... आणि तो तो नसायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तेन्माच्या बाजारात सुशीच्या रांगेत उभी होते. पाय ठणकत होते, आणि मी सुखात होते. एकटेपणा? छे, नावालाही नव्हता. उलट मन काठोकाठ भरलं होतं. आजीची गोळी, गो खेळणारे आजोबा, कॉलरमधल्या पाकळ्या... आणि हे सगळं सांगायला मला जगात एकच माणूस हवा होता. करमत नाही म्हणून नाही. फार फार करमत होतं, म्हणून.

मी रांग सोडली. फोन लावला.

"मिचिरु? काय झालं? हरवलीस?"

"नाही. कुठे आहेस?"

"उमेदा भागात. एका इमारतीच्या लिफ्टखाली. अक्षरशः खाली."

"पत्ता सांग आणि तिथंच थांब."

"अगं, पण तुझी राहिलेली ठिकाणं?"

"माझी सहल आहे. मी ठरवते कुठं जायचं ते!"

पळत निघाले. त्या इमारतीच्या दारात पोचले तेव्हा धाप लागली होती. तो जिन्यावरून वर आला. गालावर ग्रीस, डोळ्यांवर आमच्याच दुकानातला चष्मा.

"कशी झाली सहल?" त्यानं विचारलं. मान खाली, हातातलं फडकं पिळत.

"खूप छान. तुझ्याशिवाय खूप छान झाली."

"बरं..." बिचारा हसायचा प्रयत्न करत होता.

"थांब, वाक्य पुरं होऊ दे. तुझ्याशिवाय छान झाली, म्हणून मला नीट कळलं. मला कुणी हात धरून न्यायला नकोय. पण मला तू आवडतोस, तेप्पेइ. खूप. माझ्याबरोबर राहशील?"

ओसाकाचा माणूस. एका वाक्याला तीन विनोद करणारा. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं... शब्द म्हणून फुटेना. कान मात्र लालबुंद झाले. शेवटी त्यानं नुसतीच मान हलवली, जोरजोरात, आणि चष्मा नाकावरून घसरला. तो सावरायला मी हात पुढे केला, तर त्यानं ग्रीस लागलेल्या बोटांनी माझी बोटं धरली... आणि सोडलीच नाहीत.

विमानतळाच्या बसपर्यंत तो सोडायला आला. मी खिडकीशी बसले. दार बंद झालं आणि तेव्हाच त्याला वाचा फुटली! काचेपलीकडून तो हातवारे करत काहीतरी विचारत होता. एक अक्षर ऐकू येईना. बस हलली. मी हसत मोठ्यानं "हो!" म्हटलं.

लगेच फोन वाजला. "अगं, कशाला 'हो' म्हणालीस ते कळलं तरी का?"

"नाही."

"मग?"

"तरी हो. आता सांग काय ते."

"मी विचारलं..." तो धापा टाकत होता, बहुतेक बसमागे पळत असावा. "मी विचारलं, की मे महिन्यात मी मोरिओकाला आलो, एकटाच, माझा माझा... तर गावातलं आपलं माणूस म्हणून तू भेटशील का?"

मी इतकी मोठ्यानं हसले की पुढच्या सीटवरचे एक आजोबा मागे वळून बघायला लागले. मी वाकून त्यांची माफी मागितली, तळहातानं तोंड झाकलं, आणि फोनमध्ये अगदी हळू म्हणाले, "हो. हो. हो."