घरी कोण बसलंय?

ही गोष्ट खरी आहे. माझ्या वडिलांच्या उठावन्याच्या दिवशी घडली. गेल्या फेब्रुवारीत, धारला, आमच्या कॉलनीतल्या घरात. रात्र नव्हती. बाहेर चांगलं ऊन होतं.

मी सुनेत्रा. देवासला राहते. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. गावात ते उदाजीराव मास्तर.

आमच्या मराठी घरांत उठावना नसे. पण पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिल्यावर तोही आमचा झाला. माणूस गेला की तिसऱ्या दिवशी धर्मशाळेत सगळे जमतात. वेळ आणि जागा पेपरात छापून येते.

आणि तो पेपर चोरही वाचतात.

आबांना हे फार आधी कळलं होतं. 'सूने मकान में चोरी' ही बातमी रोज कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून यायची. चहा पिताना ते म्हणायचे, "पूर्ण प्रदेशात हेच चाललंय. चोर कुलूप बघून येतो. माणूस बघून परत जातो."

म्हणून कॉलनीत कोणी गेलं, की आबा उठावन्याला जात नसत. त्या घरी जाऊन बसत. दाराच्या आत, पॅसेजमध्ये, खुर्ची टाकून. शेजारी पाण्याचा पेला. मधून मधून मोठ्याने खोकायचे, बाहेर ऐकू जावं म्हणून. कोणी हाक मारली तर एकच उत्तर.

"मी बसलोय."

घरची माणसं परतली, की त्यांच्यातल्या एकाने म्हणायचं, "आलो आम्ही." मग ते उठत. त्याआधी नाही.

एकदा एका घरचे लोक चहापाण्याच्या गडबडीत म्हणायचं विसरले. दिवेलागण झाली तरी आबा तिथेच. शेवटी आई बोलवायला गेली.

"अहो, सगळे येऊन जेवायला बसले की!"

"मला कुणी सांगितलं नाही ना," आबा म्हणाले.

आई हे सांगून नेहमी हसायची.

आबा त्यांच्या वेताच्या खुर्चीतच गेले. दुपारी, पेपर वाचता वाचता. नंतर ती खुर्ची माझ्या चुलतभावाने, मालोजीने, गच्चीवर नेऊन उलटी ठेवली.

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे मालोजीच्या गाडीत बसलो. गाडी कोपऱ्यावर वळल्यावर मी विचारलं, "घरी कोण बसलंय?"

"हे आहेत ना," आई म्हणाली.

मी बरं म्हटलं. मालोजीनेही गाडी थांबवली नाही. कोणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

धर्मशाळेत लोक येत होते, फोटोला फुलं वाहत होते, हात जोडत होते. मी फोटोकडे बघत होते. आणि मग कळलं...

मी आईकडे पाहिलं. तिलाही तेव्हाच कळलं होतं.

परत आलो तेव्हा फाटक उघडं होतं.

कडीकोयंडा उचकटलेला. कुलूप पायरीवर पडलेलं.

"थांबा तुम्ही," मालोजी म्हणाला आणि पुढे झाला. "कौन है बे?"

आत काहीच आवाज नाही.

कपाट बंद. आईच्या पाटल्या देवघराच्या खणात होत्या तशाच. आबांच्या जागी लावलेला दिवा शांत जळत होता. पॅसेजमध्ये एक पहार पडली होती आणि कुणाची तरी एका पायाची चप्पल.

आणि दाराकडे तोंड करून... वेताची खुर्ची.

शेजारी पेला. पाणी अर्धं.

मालोजी गच्चीवर जाऊन आला. बेसिनवर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

शेजारची अंजू सासूच्या आजारपणामुळे घरीच होती. ती कुंपणापाशी आली.

"दीदी, किसको बिठाया था?"

"का गं?"

"खाँसी आ रही थी. मैंने आवाज़ दी, कौन है? तो बोले..." ती थांबली. अंजूला मराठी येत नाही. पण तेवढे दोन शब्द तिने आबांकडून वर्षानुवर्षं ऐकले होते. तिने ते म्हटले. अगदी आबांसारखे.

मग ती तिथेच, कुंपणाजवळ, मातीत बसली.

पुढे एक माणूस दुसऱ्या चोरीत पकडला गेला. आमच्या घराचं त्याने कबूल केलं. चौकीतले विक्रमसिंह मला हसत सांगत होते, "बोलता है, अंदर एक बाबूजी बैठे थे. उठे भी नहीं, बस देखते रहे. पेपर में उनका फोटो देखके ही तो ये लोग आए थे, मैडम. कहता है, वही थे. डरपोक साला."

मग त्यांनीच विचारलं,

"किसी रिश्तेदार को बिठाया होगा आपने?"

"हो... हाँ."

"अच्छा किया. लोग यही नहीं करते."

आईला मी देवासला आणलं. धारचं घर बंद असतं. उन्हाळ्यात त्या ओळीतली बरीच घरं फुटली. आमचं नाही.

रविवारी मी इंदूरमार्गे बसने जाते. कुलूप उघडते. खुर्ची मागच्या खोलीत ठेवून येते. पुढच्या वेळी ती पॅसेजमध्ये असते. पेला मीच भरून ठेवते.

घरी परतले की आई विचारते, "सांगितलंस का गं त्यांना?"

"तू चल ना. तू सांग."

"मला नाही जमायचं," आई म्हणते आणि पोळ्या लाटत राहते.

दोनच शब्द आहेत, फार तर तीन. त्या दिवशी आम्ही सगळे घरात शिरलो, पोलीस आले, पंचनामा झाला. 'आलो आम्ही' म्हणायचं राहून गेलं. आता उंबऱ्यात उभी राहून मी तोंड उघडते. खुर्ची समोर असते.

म्हटलं, तर आबा उठतील.

उठून ते कुठे जातील, हे मला माहीत नाही.

मी दार ओढून घेते. कुलूप लावते, ओढून बघते, आबा बघायचे तसं.

फाटकापर्यंत पोचते, तेव्हा आतून आवाज येतो...

बाहेर ऐकू जावं, एवढ्या मोठ्याने.